दादरचे सव्वीसशे महाग की मीरा रोडचे चौदाशे?

पत्र :
ताई नमस्कार. आम्ही सोलापूरला असतो. दीर अमेरिकेत आहे, त्याच्याकडे सासूसासऱ्यांना पाठवायचंय. व्हिसासाठी मुंबईची तारीख मिळाली आहे, ८ डिसेंबरला मंगळवारी बायोमेट्रिक आणि १० ला गुरुवारी सकाळी आठची मुलाखत. मधला बुधवार मोकळा आहे म्हणून मी, मिस्टर आणि अकरा वर्षांची मुलगी पण येतोय, तिने मुंबई बघितलेली नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात, जिने जमत नाहीत. तीन रात्री, दोन रूम, दोन्हींचे मिळून रोज पाच हजारांपर्यंत परवडेल. ॲपवर तीन हॉटेलं काढून ठेवली आहेत : मीरा रोड चौदाशे, अंधेरी ईस्ट 'नियर एअरपोर्ट' एकोणीसशे, आणि दादर सव्वीसशे. मिस्टर म्हणतात वाशीला राहू, मोकळं आहे, मित्रपण आहे तिकडे. मुंबईतलं आम्हाला काहीच कळत नाही. कुठे राहावं?
– सोलापूरची सून

नमस्कार सूनबाई,

मी मूळची बार्शीची, त्यामुळे तुमचं पत्र आधी काढलं, बाकीच्यांनी रागावू नका. मुंबईत आता पंचवीस वर्षं झाली, पण घरी वर्षातनं चार-पाच फोन अजून येतातच, "अगं आम्ही येतोय, स्वस्तातलं कुठलं हॉटेल सांग." मी हॉटेलचं नाव कधीच पहिल्यांदा सांगत नाही. आधी विचारते काम कुठे आहे, किती वाजता आहे आणि बरोबर कोण आहे. तुमच्या पत्रात हे तिन्ही आहे म्हणून सरळ सांगते : दादर घ्या, आणि त्यातही दादर ईस्ट. आता का ते सांगते, कारण मिस्टरांना पटवायला लागणार आहे तुम्हाला.

सोलापुरात सात रस्त्यापासून पाच किलोमीटर म्हणलं की दहा-पंधरा मिनिटं, विषय संपला. मुंबईत किलोमीटर बघायचेच नाहीत. तुमचं काम बीकेसीला, म्हणजे बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्सला, अमेरिकेचं कॉन्सुलेट तिथेच आहे. ॲपवर लिहिलेलं असतं 'बीकेसीपासून ५ किमी' आणि ते खरंपण असतं, पण ते पाच किलोमीटर सकाळी आठला वेगळे, दुपारी दोनला वेगळे आणि संध्याकाळी सातला तर विचारूच नका. इथे बघायचं ते एवढंच की हॉटेल कुठल्या लाईनवर आहे आणि तुमचं काम कुठल्या लाईनवर आहे. वेस्टर्न, सेंट्रल, हार्बर आणि आता मेट्रो. दोन्ही एका लाईनवर असले तर तीस किलोमीटर पण चालतील, लाईन बदलायला लागली की सात किलोमीटरला पण घाम फुटतो. त्यात सासूबाईंचे गुडघे. लाईन बदलणे म्हणजे पूल चढणे आणि पूल उतरणे, प्रत्येक स्टेशनला लिफ्ट असली तरी ती तुमच्या बाजूला आणि चालू असेल असं नाही.

आता हिशोब करू, तुमचेच आकडे घेऊन. मीरा रोडला रूममागे बाराशे वाचतात, दोन रूमचे चोवीसशे, तीन रात्रींचे सात हजार दोनशे. मोठी रक्कम आहे, मी नाही म्हणत नाही. पण सकाळच्या गर्दीत मीरा रोडवरून लोकलने सासूबाईंना बांद्र्यापर्यंत आणणं हे तुम्ही करणार नाही, मी करू पण देणार नाही, एकदा ती आठची लोकल बघा म्हणजे कळेल, चढणारे चढत नाहीत, त्यांना मागचे चढवतात. मग गाडी करायची. बीकेसीला जायचे-यायचे दोन दिवस मिळून चार खेपा, आठशे धरले तरी बत्तीसशे. बुधवारी गेटवे वगैरे बघायला खाली यायचं आणि परत जायचं, दोन हजार. येताना दादरवरून सामानासकट मीरा रोड आणि जाताना परत दादर, अठराशे. झाले सात हजार. म्हणजे वाचले दोनशे रुपये, आणि त्यासाठी पाच जणांनी तीन दिवस हायवेवर बसायचं. हे दर मी अंदाजाने धरलेत, पाच माणसांना मोठी गाडी लागते म्हणजे जास्तच होतील, कमी नाही. दादरला पण टॅक्सीचे पैसे लागतातच, पण तिथून बीकेसी दीडशे-पावणेदोनशेत होतं.

दादरचा दुसरा फायदा तुमच्या तिकिटात आहे. सिद्धेश्वरने आलात किंवा वंदे भारतने आलात, दोन्ही दादरला थांबतात. सीएसएमटीपर्यंत जायचं नाही, तिथून उलटं यायचं नाही, दादरला उतरलं की आलं घर. माझं ऐकाल तर ७ तारखेला वंदे भारतनेच या, सकाळी सहाच्या सुमारास सोलापूर सोडते आणि दुपारी बारा-साडेबाराला तुम्ही दादरला (आठवड्यातून एक दिवस ती नसते, तेवढं तिकीट काढताना बघून घ्या). सिद्धेश्वर रात्रीची, झोपून येता येतं हे खरं, पण ती पहाटे-सकाळी आणून सोडते आणि हॉटेलवाला म्हणतो चेक-इन बाराला. मग पाच माणसं, सहा बॅगा आणि रिसेप्शनवरचा तो एक सोफा. अर्ली चेक-इनचे काही ठिकाणी अर्धा दिवस भाडं लावतात, तेव्हा वाचलेली रात्र परत खिशातून जाते. अजून बरीच जुनी लॉज २४ तासांच्या चेकआउटवर चालतात, म्हणजे सकाळी सातला आलात तर सकाळी सातपर्यंत तुमची. फोन करून विचाराच, ॲपवर हे नीट लिहिलेलं नसतं.

एक आठवलं म्हणून सांगते. सासरे पूर्वी मुंबईला येऊन गेले असतील तर म्हणतील दादरला अमुक नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून बाहेर पडायचं, मला माहितेय. ते नंबर डिसेंबर २०२३ मध्ये बदलले. आधी वेस्टर्नचा एक नंबर वेगळा आणि सेंट्रलचा एक नंबर वेगळा असायचा, आता वेस्टर्नचे १ ते ७ आणि पुढे सेंट्रलचे ८ ते १४. तुमची गाडी सेंट्रलला लागणार म्हणजे ईस्टच्या बाजूला, आणि म्हणूनच मी ईस्ट म्हणतेय.

ईस्ट-वेस्टचं मी एवढं का धरून बसलेय त्याला कारण आहे. मुंबईत आले तेव्हा मी तिघींबरोबर एका खोलीत राहायचे. बाबांचे डोळे दाखवायला आईबाबा बार्शीवरून आले, खोलीवर जागा नाही, म्हणून मी सेंट्रल लाईनवर एका स्टेशनजवळ लॉज ठरवलं. जाहिरातीत 'स्टेशनपासून दोन मिनिटं'. होतं पण दोन मिनिटांवरच, फक्त रुळाच्या पलीकडे. गाडी लागली इकडे आणि लॉज तिकडे. मध्ये पूल. बाबा पुलाच्या मधल्या टप्प्यावर पायरीवरच बसले, लोक त्यांच्या खांद्याला बॅगा घासत जातायत आणि आई पदराने त्यांना वारा घालतेय. तिथून उठवून नेलं तर रूम तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. रूममध्ये छान मरून रंगाचा पडदा होता, आईने हवा यावी म्हणून ओढला तर मागे खिडकी नव्हतीच, भिंत. नुसती रंगवलेली भिंत. आईला हसू आलं, मला रडू. तेव्हापासून मी कोणालाही रूम सांगताना तीन गोष्टी विचारल्याशिवाय सोडत नाही : ईस्ट का वेस्ट, लिफ्ट कितव्या मजल्यापासून (कितव्या मजल्यापासून, हो! काही जुन्या बिल्डिंगमध्ये लिफ्टपर्यंत पोचायलाच दहा पायऱ्या असतात) आणि पडद्यामागे काय आहे.

अंधेरी ईस्टचं बघू. 'नियर एअरपोर्ट' हा शब्द वाचला की मी आधी हसते, कारण अंधेरी ईस्ट म्हणजे एक गाव नाही, तालुका आहे. चकाला, मरोळ, साकीनाका, सीप्झ सगळं त्यातच येतं. पण तुमचं ते एकोणीसशेचं हॉटेल एकदम फेकू पण नका. मेट्रो तीन, ती जमिनीखालची, ती आता आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण चालू झालीय, ऑक्टोबर २०२५ पासून, आणि मरोळ नाका तिच्यावर आहे. तिथून बीकेसी सहावं स्टेशन, एसी, लिफ्ट-सरकते जिने सगळं. तर मॅप उघडा आणि हॉटेल मरोळ नाका मेट्रोपासून चालत पाच-सात मिनिटांत आहे का बघा. असेल तर तो तुमचा दोन नंबरचा पर्याय, आणि दादरपेक्षा दोन रूममागे रोज चौदाशे वाचतील. साकीनाक्याच्या आत कुठेतरी गल्लीत असेल तर सोडून द्या, त्या रस्त्यावर रिक्षा उभीच असते, मीटर चालतो.

आणि फोर्ट. तुम्ही विचारलं नाही पण विचारायला पाहिजे होतं. दोन-तीन वर्षांपूर्वी मी बीकेसीत काम असलेल्या माणसाला सीएसएमटी-फोर्टकडे राहा असं म्हणाले नसते. आता तीच मेट्रो सीएसएमटीवरून थेट बीकेसीला जाते. त्या भागात जुन्या बिल्डिंगांमधली लॉज आणि छोटी हॉटेलं बरीच आहेत, रेट दादरसारखेच किंवा थोडे कमी, आणि मुलीला म्युझियम, गेटवे सगळं हाताशी. अडचण एवढीच की जुन्या बिल्डिंगा म्हणजे जिने, आणि ऑफिसं सुटली की रात्री तो भाग सुनसान होतो, आठनंतर पोळी-भाजी शोधत फिरायला लागतं. गुडघ्यांचं नसतं तर मी मुलीच्या बाजूने मत दिलं असतं. बाकी बाहेरगावच्या माणसाने त्या भागात उतरायची पद्धत जुनीच आहे, लोकमान्य टिळक मुंबईत आले की क्रॉफर्ड मार्केटसमोर सरदारगृहात उतरायचे, १९२० ला गेले ते पण तिथेच. आणि आपल्याकडचे लोक आमदाराचं पत्र घेऊन आमदार निवासात. माझे एक काका अजून म्हणतात हॉटेल कशाला, पत्र आणतो की. आणू द्या त्यांना.

मिस्टरांची वाशी. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, फक्त या खेपेला चुकीचं आहे. त्याच पैशात वाशीत रूम मोठी मिळते, रस्ते रुंद, रिक्षा दारात, गाडी घेऊन आलात तर पार्किंग. स्वतःची गाडी असती आणि काम पनवेल-बेलापूरला असतं तर मीच म्हणाले असते. पण वाशीवरून बीकेसी म्हणजे हार्बरने कुर्ला आणि कुर्ल्याला उतरून वेस्टला येऊन रिक्षा. सकाळी कुर्ला स्टेशन मी स्वतः टाळते. मित्राला म्हणावं बुधवारी संध्याकाळी तूच दादरला ये जेवायला.

कुर्ल्यातलीच काही लॉज ॲपवर तुम्हाला दिसतील, बीकेसीपासून एकदम जवळ आणि हजार-बाराशेत. नकाशावर तेच सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. पण तिथली बरीच लॉज तासावर चालतात, रात्रभर दारं वाजतात, त्यात चूक काही नाही ज्याचं त्याचं, पण मुलगी आणि सासूसासरे घेऊन तिथे नको. रिव्ह्यू वाचताना पाच स्टारवाले वाचूच नका, ते 'नाईस स्टे गुड स्टाफ' एवढंच असतं. एक आणि दोन स्टारवाले उघडा, गेल्या सहा महिन्यांतले, आणि त्यात लिफ्ट, पाणी, आवाज, ढेकूण हे शब्द शोधा. एसीबद्दल तक्रार असली तर डिसेंबरात सोडून द्या. ढेकूण असला तर ॲप बंद करा.

आणि तुमच्याकडे फोन आहेच तर आत्ता एक करा. गुगल मॅपवर हॉटेल टाका, कॉन्सुलेट टाका आणि निघायची वेळ गुरुवार सकाळी सात अशी बदला. ती वेळ बदलता येते हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं, रात्री अकराला घरी बसून बघतात आणि म्हणतात वीस मिनिटं तर लागतात.

आता दादरला काय काय संभाळायचं. पहिलं म्हणजे तारीख. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिन, चैत्यभूमीला लाखो लोक येतात, चार-पाच तारखेपासूनच दादर भरलेलं असतं आणि सात तारखेला परत जाणाऱ्यांची स्टेशनात गर्दी असते. तुम्ही सातला दुपारी येताय म्हणजे सहाच्या मुख्य गर्दीतून वाचाल, पण रूम आत्ताच ठरवा, नोव्हेंबरच्या शेवटी बघू म्हणाल तर सव्वीसशेचे चार हजार दिसतील.

दुसरं, दादरला रिक्षा नाहीत. सोलापूरची माणसं स्टेशनबाहेर येऊन रिक्षा शोधत राहतात म्हणून सांगते. रिक्षा इकडे सायनपर्यंत आणि तिकडे बांद्र्यापर्यंत, त्याच्या खाली काळी-पिवळी टॅक्सी, मीटर ३१ रुपयांपासून सुरू होतो. त्यात चारच माणसं बसतात. गुरुवारी सकाळी पाचही जणांनी जायचं कारण नाही, मिस्टर आणि ते दोघं जाऊ देत, तुम्ही मायलेकी झोपा. सहा पन्नासला टॅक्सी पकडली तर धारावीवरून आरामात पोचतात. मेट्रो पण आहे, दादरवरून बीकेसी तिसरंच स्टेशन, पण दादरचं मेट्रो स्टेशन वेस्टला, रेल्वे स्टेशनला चिकटून नाही आणि बीकेसीला उतरल्यावर पण थोडं अंतर राहतं. जाताना टॅक्सी, येताना हवं तर मेट्रो. बायोमेट्रिकचा पत्ता कॉन्सुलेटपेक्षा वेगळा असतो, लेटरवर जो छापलाय तोच धरा, शेजारी कोण काय सांगतंय ते ऐकू नका.

वेस्टला राहू नका असं नाही, खायला वेस्टलाच जायचंय, मामा काणे, प्रकाश, आस्वाद सगळं तिकडेच. पण रूम स्टेशनला लागून वेस्टला घेतली तर खाली फुलांचा बाजार, पहाटे तीन-चारपासून ओरडा सुरू, आणि रानडे रोडच्या गर्दीत टॅक्सी दारापर्यंत येत नाही. ईस्टला हिंदू कॉलनीकडे झाडं आहेत, शांत आहे, सासऱ्यांना संध्याकाळी चक्कर मारता येईल. तिथून माटुंगा जवळच, १९४२ पासूनचं रामा नायक आहे, केळीच्या पानावर जेवण, सासूबाईंना आवडेल, तिखट नसतं.

फोनवर हॉटेलवाल्याशी बोलताना असं म्हणा : दोन रूम, तीन रात्री, टॅक्स धरून एकूण किती. साडेसात हजारांच्या आतल्या रूमवर आता ५ टक्के जीएसटी आहे (सप्टेंबर २०२५ पर्यंत १२ होता, अजून कोणी बारा सांगितलं तर विचारा का म्हणून). तुमचं सव्वीसशेचं गणित टॅक्स धरून दोन रूमचं ५,४६० होतं, म्हणजे बजेटच्या थोडं वर. पण थेट फोनवर तीन रात्रींचं एकदम बोललं तर बरेचदा ॲपपेक्षा खाली येतात, मागायला लाजू नका. मुलीच्या एक्स्ट्रा गादीचे वेगळे घेतात का ते पण तेव्हाच. कमोड आहे ना, हे सासूबाईंसाठी. आणि गरम पाणी किती वाजता येतं. हे हमखास विसरतं. बजेट हॉटेलात सकाळी सहा-सात ते दहा असं गरम पाणी असतं, तुमच्या दोघांना गुरुवारी पाचला आंघोळ करायची आहे. रूममध्ये गीझर असेल तर प्रश्न नाही, नसेल तर आधी बादली सांगून ठेवा.

बुधवारी राणीची बाग ठरवली असेल तर बदला, बुधवारी बंद असते. सकाळी मेट्रोने हुतात्मा चौक, म्युझियम, तिथून गेटवे, घारापुरीची बोट सासूबाईंना नको, तिथल्या पायऱ्या फार आहेत. संध्याकाळी परत येऊन शिवाजी पार्क, चैत्यभूमीपाशी समुद्रावर व्ह्यूइंग डेक केलाय, समोर सी लिंक दिसतो, फुकट आहे. मुलीचे फोटो तिथेच छान येतील.

याच महिन्यात दोघांनी टाटा हॉस्पिटलसाठी विचारलंय, त्यांना वेगळं लिहिते, पण तोवर एवढंच की हॉटेल शोधायच्या आधी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात धर्मशाळेचं विचारा, दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, पेशंटसाठीच. आणि जून ते सप्टेंबरमध्ये येणाऱ्यांनी हिंदमाता, सायन, कुर्ला, अंधेरी सबवे ही नावं बघून हॉटेल घ्यावं, पाणी तिथेच भरतं.

सूनबाई, शेवटचं एक. कॉन्सुलेटमध्ये मोबाईल नेता येत नाही, बॅग पण नाही. म्हणजे सासूसासरे आत गेले की दोन-तीन तास त्यांचा संपर्क नाही आणि बाहेर आल्यावर समोर मिस्टर दिसले नाहीत तर दोघं घाबरतील. कुठे उभं राहायचं ते मंगळवारीच जाऊन दाखवून ठेवा. आणि हॉटेलचं कार्ड, मागे तुमचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून, सासऱ्यांच्या शर्टच्या खिशात. सासूबाईंच्या पिशवीत नको, ती पिशवी बाहेर राहणार आहे.